सत्तर रुपयांचा फूट आणि वातीचा कापूस

सुरुवातीलाच कबूल करतो, मी शिंपी नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. डाय, जिग, फिक्स्चर, म्हणजे माल घडवायचे साचे आणि तो धरायची साधनं, यांतच हयात गेली. शिवणकामाशी संबंध म्हणाल तर खंडेनवमीला आईच्या पायमशीनला हळदकुंकू वाहायच्या आधी चार थेंब तेल सोडायचं, एवढाच. तेव्हा चेन लावायच्या फूटविषयी, म्हणजे मशीनच्या सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या त्या छोट्या पायाविषयी, मी काही लिहावं हे आमच्या घरात कुणालाच पटलेलं नाही. पण गेल्या अडीच महिन्यांत तीन वेगवेगळे फूट वापरून झाले, सात सुया मोडल्या, एका फूटवर तर कानस फिरवली. एवढं झाल्यावर गप्प बसवत नाही.

(आमच्याकडे झिपला चेनच म्हणतात. दुकानात ‘चेन फूट’ म्हटलं की लगेच समजतं. ‘झिपर फूट’ म्हणालात तरी मिळतो, फक्त तुम्ही यूट्यूब बघून आलात हे दुकानदाराला कळतं.)

झालं असं की दिवाणावरच्या चार चौकोनी उशा आणि दोन लोड यांचे अभ्रे विरले होते. कोपऱ्यावरच्या टेलरने एका अभ्र्याला चेनसकट दीडशे सांगितले. ही म्हणाली, “अहो, लोखंड कापायचात ना इतकी वर्षं? मग कापड काय जड आहे?” मुलीचं पांढरं मशीन, उषा जानोमेचं, घरात पडूनच होतं. रविवार पेठेत कापडगंजातून ठशाच्या छपाईचं, हत्ती असलेलं सुती कापड आणलं. चेन मीटरवर घेतली, पाच नंबरची, आणि रनर, म्हणजे चेन उघडणारी-मिटणारी सरकती कळ, सुटे. पाच नंबर म्हणजे बंद केल्यावर दातांची रुंदी साधारण पाच मिलिमीटर, असा हिशेब सांगतात. माझ्या व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या साधनावर, ती सहाच्या आसपास भरली. दुकानदाराला हे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहीत नाही.

पहिली उशी साध्या फूटवरच शिवली. म्हटलं, चेन म्हणजे कापडाचीच पट्टी, तिला वेगळा फूट कशाला? हा लोकांना जास्तीच्या वस्तू विकायचा धंदा असणार. शिवून झाल्यावर टीप पाहिली तर वरंध घाटातला रस्ता. कुठे दातांपासून दोन मिलिमीटरवर, कुठे बारावर. टूलरूममध्ये असा जॉब तपासायला नेला असता तर साहेबांनी तो माझ्याच जेवणाच्या डब्यात बांधून घरी पाठवला असता.

कारण मात्र लगेच ध्यानात आलं, ते आमच्याच धंद्यातलं निघालं. साधा फूट सुईच्या दोन्ही बाजूंना कापड दाबतो, त्याला दोन टांगा असतात. चेन लावताना एक टांग सपाट पट्टीवर बसते आणि दुसरी दातांवर चढते. दातांची उंची म्हणजे चांगली दोन मिलिमीटरची पायरी. मग फूट तिरका होतो, खालून कापड पुढे नेणाऱ्या दात्यांना एकाच बाजूची पकड मिळते आणि कापड हळूच वळायला लागतं. आपण हाताने सरळ करायला जातो, ते आणखी वळतं. पायरी असलेला जॉब व्हाइसमध्ये धरायचा तर आपण एक जबडा कापून घेतो. चेन फूट म्हणजे हाच कापलेला जबडा. तो फक्त एका बाजूने दाबतो, दुसरी बाजू दातांसाठी मोकळी सोडतो. बस, यात जादू काही नाही.

मुलीच्या मशीनच्या डब्यात अक्षरं कोरलेले पाच-सहा फूट होते. ए म्हणजे रोजचा, ई म्हणजे चेनचा. नखाएवढी वस्तू. मध्ये एकच सपाट पाय, त्याच्या दोन्ही बाजूंना सुईसाठी खाच आणि वर दोन बारीक पिना, एक डावीकडे, एक उजवीकडे. दांड्याच्या मागची कळ दाबली की जुना फूट खाली पडतो, नवा खाली ठेवून दांडा त्यावर सोडला की टक्‌ करून बसतो. स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. हे ‘टक्‌’ मला फार आवडलं. ज्याने ते काढलं तो आमच्या जातीचा माणूस असणार.

पण नवख्याची पहिली फजिती इथेच होते: कोणत्या पिनेवर बसवायचा? पुस्तिकेत लिहिलंय की चेनची डावी बाजू शिवताना उजवी पिन आणि उजवी बाजू शिवताना डावी पिन. हे वाचून मी दोनदा उलटाच बसवला, कारण कापड फिरवलं की डावं-उजवं डोक्यात फिरतं. मग मी डावं-उजवं सोडून दिलं. एकच पाहायचं: सुईच्या ज्या बाजूला दात, त्याच्या विरुद्ध बाजूला फूट. दात आणि फूट यांच्यामध्ये सुई. दोघं एकाच बाजूला दिसले की तुम्ही चुकलात, पिन बदला. हे मी खडूने मशीनच्या फळीवर लिहून ठेवलं होतं, हिने पुसलं.

दुसरी फजिती जास्त महाग पडली. आदल्या संध्याकाळी हिने मशीनवर काहीतरी झिगझॅग केलं होतं आणि टाका निवडायची चकती तिथेच राहिली. चेन फूटमध्ये सुईला जागा असते ती फक्त सरळ टाक्यापुरती. मी पाय दाबला, पहिला टाका नीट पडला, दुसऱ्या टाक्याला सुई बाजूला सरकली ती थेट फूटवर. कड्‌ असा आवाज आणि सुईचं टोक माझ्या चष्म्याच्या काचेवर. टूलरूममध्ये गॉगलशिवाय ग्राइंडरपाशी उभं राहू न देणारा मी, आणि घरी वाचलो तो चाळिशीच्या कृपेने. तेव्हापासून नेम केलाय: फूट बदलला की चकती सरळ टाक्यावर आहे का ते बघायचं, मग मोटर बंद ठेवून हाताने चाक आपल्याकडे एक पूर्ण फेरा फिरवायचं. सुई खाचेतून खाली जाऊन वर येताना कुठे घासत नाही हे डोळ्यांनी पाहायचं आणि मगच पाय ठेवायचा. यात पाच सेकंदं जातात. सुईचं पाकीट आणायला कोथरूड डेपोपर्यंत जाऊन येण्यात चाळीस मिनिटं जातात.

ही दोन विघ्नं टळल्यावर ई फूटने उरलेल्या तीन उशा इतक्या सरळ शिवून दिल्या की मी पहिली उसवून परत केली. फूटची कडा हीच पट्टी. ती दातांच्या कडेला समांतर ठेवत गेलं की टीप आपोआप सरळ येते. सुई बघायचीच नाही, कडा बघायची. या फूटला माझा हिरवा टॅग. आमच्याकडे तपासणीनंतर जॉबला टॅग लागत: हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे दुरुस्त करून आणा, तांबडा म्हणजे भंगार. मशीनबरोबर फुकट आलेला, डब्यात वर्षानुवर्षं पडलेला फूट हिरवा निघाला. तुमच्या मशीनच्या डब्यात असलाच एक असेल, नवा विकत घ्यायच्या आधी तो शोधा.

आणि नेमकं तेव्हा मुलीने मशीन नेलं. बंगळुरूला घर घेतलंय, पडद्यांसाठी हवं म्हणाली. दोन लोड राहिले. उरलं आईचं काळं पायमशीन.

काळ्या मशीनला टक्‌-बिक्‌ नाही. फूट दांड्याला बाजूने स्क्रूने कसायचा. सुईही मधोमध पक्की, इकडेतिकडे हलत नाही. त्यामुळे याला लागतो तो सरकता चेन फूट. त्याची घडण अशी, की एका आडव्या पट्टीवर फूटचा पाय डावी-उजवीकडे सरकतो आणि मागच्या छोट्या स्क्रूने जागेवर कसला जातो. सुई हलत नाही, म्हणून फूटच हलवायचा. जुन्या डोक्याची, पण चोख रचना.

आणायला निघालो. आनंदनगरहून मेट्रो, सिव्हिल कोर्टाला उतरून जमिनीखालच्या गाडीसाठी खाली, खाली, आणखी खाली, आणि तिथून मंडई. पूर्वी या कामासाठी स्कूटर काढायची तर आज सम तारीख की विषम आणि कोणत्या बाजूला लावायची इथपासून सुरुवात. आता मंडईला वर आलो की तुळशीबाग समोरच. तुळशीबागेत लेस, बटणं, हुक, रंगीत चेन यांची कमी नाही, पण मशीनचे सुटे भाग हवेत तर पुढे रविवार पेठेच्या बाजूला चालत जायचं. बोहरी आळीच्या अंगाला गल्लीत एक दुकान सापडलं, रुंदीला दोन माणसं मावतील एवढं. मी माझं लांबलचक वर्णन सुरू केलं, ते मालकांनी मध्येच तोडलं.

“काका, मशीन काळं का पांढरं?”

“काळं.”

“मग हा घ्या. सत्तर रुपये.”

एवढंच. मी व्हर्नियरने घरी मोजून आणलेलं माप खिशातच राहिलं. तरी सांगून ठेवतो, कारण प्रत्येक दुकानात असा जाणकार बसलेला नसतो. फूट खाली सोडायचा आणि तो जिथे कसतो त्या स्क्रूच्या मध्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत मोजायचं. अर्धा ते पाऊण इंच भरलं तर ते लो शँक (आखूड दांड्याचं), एक ते सव्वा इंच भरलं तर हाय शँक (लांब दांड्याचं). घरगुती मशिनं बहुतेक लो शँक, टेलरकडची मोठी मोटरवाली हाय शँक. एकाचा फूट दुसऱ्याला बसत नाही, स्क्रू कितीही आवळा.

घरी आलो, तेलकट कागदातून फूट काढला, बसवला. पाच-सहा इंच शिवलं की दोरा तुटायचा. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. दोरा बदलला. सुई बदलली, १४ नंबरची काढून १६ची घातली. वरचा ताण सैल केला. बॉबिन केस काढून ब्रशने साफ केली. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “सासूबाई असं काही करत नव्हत्या हो, नुसत्या शिवायच्या.” साधा फूट लावून पाहिला तर दोरा तुटतच नाही. म्हणजे चोर फूटच.

भिंगाखाली धरला, वरवर चकचकीत. बोट फिरवलं, काही लागलं नाही. साठीनंतर बोटांची कातडी तेवढी बोलत नाही. मग जुनी युक्ती आठवली. हिने देवासाठी वाती वळायला बसताना पुढ्यात घेतलेल्या कापसातला एक पुंजका मागून घेतला आणि सुई जिथून जाते त्या खाचेवरून हलकेच ओढला. डाव्या खाचेतून कापूस अलगद निघून गेला. उजव्या खाचेच्या खालच्या कोपऱ्यात चार-पाच तंतू अडकून उभे राहिले, केसासारखे. तिथे बर होती. पत्रा दाबून कापताना कडेला जो बारीक काटा राहतो तो. कारखान्यातून माल निघताना तो घासून काढायचा असतो, कुणीतरी आळस केला होता. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-गाव काही नव्हतं, तेव्हा शिव्याही मोघम द्याव्या लागल्या.

औषध सोपं. स्विस फाइलचे, म्हणजे अगदी बारीक कानशीचे, दोन हलके हात, मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर उदबत्तीच्या काडीला गुंडाळून खाचेत पन्नासेक वेळा मागेपुढे. पुन्हा कापूस फिरवला, अडकला नाही. फूटची खालची सपाट बाजूही काचेवर पेपर ठेवून जरा फिरवून घेतली, कारण तिथे प्लेटिंगचे ओघळ होते. त्यानंतर दोन्ही लोड शिवेपर्यंत दोरा एकदाही तुटला नाही. सत्तर रुपयांच्या या फूटला म्हणून पिवळा टॅग: दुरुस्त केल्यावर ओके. ज्यांच्या घरी स्विस फाइल नाही त्यांनी निदान दुकानातच कापूस फिरवून बघावा. खिशात पुंजका न्यायला वजन नाही. काळ्या मशीनवर चेन लावायची असेल तर घ्यावाच असा हा फूट आहे, पण पाच-सहा नगांतून निवडून.

त्याची आणखी एक खोड. मागचा तो छोटा स्क्रू बोटांनी आवळून भागत नाही. पायमशीनच्या थरथरीने तो सैल होतो, फूट केसभर सरकतो आणि सुई पुन्हा लोखंडावर. माझ्या सातपैकी तीन सुया अशाच गेल्या. लहान स्क्रू ड्रायव्हरने शेवटचा पाव फेरा द्या.

आता सुई आणि दात यांच्यातलं अंतर. इथे माझा धंदा मला नडला. आम्हाला सवय शतांश मिलिमीटरची, तेव्हा मी फूट अगदी दातांना चिकटवून लावला, टीप दातांपासून एक मिलिमीटरवर. दिसायला काय सुरेख! लोड भरला, चेन ओढली, रनर निम्म्यात अडकला. रनर दातांपेक्षा रुंद असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, टीप इतकी जवळ की त्याला जायला वाटच नाही, शिवाय कापडाची कड तोंडात धरून बसला. उसवलं, आणि टीप तीन ते चार मिलिमीटरवर नेली. उशांना आणि लोडांना एवढंच ठेवा, रनर लोण्यातून सुरी जावी तसा जातो. ज्यांना चेन कापडाच्या पट्टीखाली झाकायची आहे त्यांनी वरची टीप आणखी लांब न्यावी, मी सहावर नेतो.

रनर ओलांडणं हा सगळ्यात नाजूक प्रसंग आहे, आणि बहुतेक नवखे फसतात ते इथेच. चेन फूटलाही रनर ओलांडता येत नाही, रनर दातांहून जाड. मी सुरुवातीला फूट कसाबसा बाजूने काढायला बघायचो आणि टीप तिथे पोटासारखी बाहेर यायची. टेलरकडे जाऊन उभा राहिलो तेव्हा त्याच्या हातांकडे बघून कळलं. आधी रनर दोन इंच खाली ओढून ठेवायचा, म्हणजे वरचं टोक मोकळं शिवता येतं. शिवत शिवत रनरच्या जवळ, अंगठ्याच्या रुंदीवर आलो की थांबायचं. चाक हाताने फिरवून सुई कापडात खाली न्यायची. सुई खाली असणं महत्त्वाचं, कारण आता कापड त्या एका खिळ्यावर लटकलंय, हलणार नाही. फूट वर उचलायचा. डाव्या हाताने कापड धरून उजव्या हाताने रनरची जीभ पकडून तो फूटखालून हळूच मागे, शिवून झालेल्या भागात सरकवायचा. सुईला धक्का लागला तर कळतोच, बारीक टिचकी ऐकू येते. रनर पार गेला की फूट खाली, आणि पुढे शिवायला सुरुवात. टीप पाहिली तर कुठे थांबलो होतो ते सापडतसुद्धा नाही. मी हे एका वाया गेलेल्या कापडावर तेरा वेळा केलं. टेलर म्हणाला, “काका, आम्ही तर हाफ फूट एकदा लावला की दिवसभर काढत नाही, साधी शिलाईपण त्याच्यावरच.” हाफ फूट म्हणजे एकाच बाजूने दाबणारा फूट. त्याचं मोठं मशीन, त्याचा हात, त्याची गोष्ट वेगळी.

एक सवय मात्र त्याने लावली ती सोन्याची. चेनच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने शिवायच्या, दोन्ही वेळा खालून वर. मी एक बाजू खालून वर आणि दुसरी वरून खाली शिवायचो, म्हणजे कापड एकदाच फिरवलं की झालं. पण दाते खालचं कापड ओढतात, वरचं फूटखाली जरा मागे राहतं. दोन बाजू उलट दिशांनी गेल्या की हा फरक बेरजेत येतो आणि चेन बंद केल्यावर एका बाजूचा हत्ती दुसऱ्या बाजूच्या हत्तीपेक्षा चार मिलिमीटर वर. त्याआधी कच्चा धावदोरा घालून घेतलात तर आणखी बरं. टाचण्यांवर भिस्त ठेवू नका, पाच नंबरची चेन टाचणीने फुगते. मी सुती दोऱ्याने लांब-लांब टाके घालतो, वेळ जातो खरा, पण उसवायला जो वेळ जातो त्याच्या पाव.

आणि कापड आधी पाण्यातून काढा. मी काढलं नव्हतं. चेनची पट्टी पॉलिएस्टरची, ती आटत नाही, सुती कापड आटलं. पहिल्या धुण्यानंतर एका उशीची चेन अशी काही वळवळत उभी राहिली की जणू गांडूळ. दोष फूटचा नाही, पण ऐकून घ्यावं लागलं फूटला.

मध्यंतरी ऑनलाइन अकरा फूटांचा एक संचही मागवून झाला, जाहिरातीत ‘सगळ्या मशिनांना बसतो’ असं होतं. त्यातला चेन फूट पिनेवर इतका ढिला की बोटाने हलवला तर डुलतो. मुलगी मशीन न्यायला आली तेव्हा त्यावर लावून पाहिला, टीप नागमोडी. तांबडा टॅग. बाकीचे दहा फूट कशाला असतात हे अजून आमच्या घरात कुणालाच माहीत नाही, ते एका प्लॅस्टिकच्या डबीत सुखाने आहेत. ज्याला चेन फूट हवा त्याने चेन फूटच घ्यावा.

लपलेली चेन, म्हणजे कुर्त्याच्या किंवा ड्रेसच्या पाठीला बाहेरून दिसत नाही ती, लावायला हा फूट चालत नाही असं नाही, पण तिच्यासाठी वेगळा फूट मिळतो. त्याच्या तळाला दोन नाळ्या असतात. चेनचे वळलेले दात त्या नाळीत उभे राहतात आणि सुई त्यांच्या मुळाशी टीप घालते. तिचे दात आधी कोमट इस्त्रीने उलगडून सपाट करायचे आणि खालची शिवण चेन लावून झाल्यावर घालायची, आधी नाही. मुलीच्या एका कुर्त्याला मी लावून दिली. बरी आली. त्यापलीकडे त्याविषयी बोलायचा मला अधिकार नाही.

एका माणसाचं नाव मात्र घ्यायला हवं. गिडियन सुंडबॅक, मूळचा स्वीडनचा, अमेरिकेत गेलेला इंजिनिअर. आज आपण वापरतो त्या चेनचं पेटंट त्याला १९१७ मध्ये मिळालं. त्याने चेन तर काढलीच, पण ती भराभर बनवणारं यंत्रही काढलं, आणि आम्हा टूलरूमवाल्यांना त्याचा मोठेपणा वाटतो तो या दुसऱ्या कामासाठी. एक दात कुणीही घडवेल, हजारो दात सारखे घडवायचे म्हणजे डाय आली. मीटरवरच्या चेनमध्ये रनर घालताना हे मला फार जाणवलं. दोन पट्ट्यांची टोकं रनरच्या दोन तोंडांत एकाच वेळी, एकाच उंचीवर घालायची असतात, एक दात पुढेमागे झाला की चेन वाकडी मिटते. लोक जेवणाच्या काट्यात रनर अडकवून घालतात. मी त्यासाठी ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून एक फिक्स्चर बनवलं. त्याला दोन दिवस लागले आणि सहा रनर घालायला चार मिनिटं. ही म्हणते काटा होता की घरात. असो.

धातूच्या दातांची चेन, जीन्सची वगैरे, असेल तर मात्र आडवी टीप मारायच्या भानगडीत पडू नका. नायलॉनच्या दातांवरून हाताने चाक फिरवत सुई जाते, धातूच्या दातावर ती मोडतेच. उरलेल्या तीन सुयांचा हिशेब इथे लागला.

थोडक्यात खर्च: ई फूट फुकट, सरकता फूट ७० रुपये, पॉलिश पेपर घरचा, ऑनलाइन संच ३८० रुपये पाण्यात, सुया वेगळ्या. टेलरला सहा अभ्र्यांचे ९०० दिले असते तर मी आतापर्यंत दोनदा सिंहगडावर जाऊन आलो असतो, हेही खरं आहे.

दिवाणावर सध्या सहाही अभ्रे चढले आहेत. पाहुणे येतात, बघतात, छान म्हणतात. फक्त चौथ्या उशीला मी चेन लावण्याआधी कापड कसं धरलंय ते पाहिलं नव्हतं. हत्ती सरळ उभे ठेवले तर चेन वरच्या कडेला येते, चेन खाली घेतली तर सगळे हत्ती पाय वर करून पडलेले. हिने ती उशी लोडाच्या मागे उभी करून ठेवली आहे.